पाचारणाची पारख

कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याच्या विधीत सुरुवातीलाच उमेदवाराचे नाव पुकारले जाते. तो उभा राहतो, हजर असल्याचे सांगतो आणि बिशपांसमोर येतो. त्यानंतर बिशप विचारतात, की हा या पदाला योग्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? हा प्रश्न त्या तरुणाला नसतो. त्याला पुढे आणणाऱ्या धर्मगुरूला तो विचारलेला असतो. आणि तो धर्मगुरूही ‘देवाने याला बोलावले आहे’ असे म्हणत नाही. श्रद्धावंतांकडे चौकशी केली, ज्यांच्यावर जबाबदारी होती त्यांनी शिफारस केली, त्यावरून हा योग्य ठरला आहे, एवढेच तो सांगतो. मग बिशप निवड जाहीर करतात आणि जमलेले लोक संमती देतात. उमेदवाराचा निश्चय, त्याची वचने हे सगळे त्यानंतर येते. आत त्याला कोणता आवाज ऐकू आला आणि कधी आला, याची विचारणा त्या घडीला कोणीच करत नाही. दोन हजार वर्षांच्या अनुभवातून आलेले एक मत या क्रमात दडलेले आहे, आणि ते पाचारणाविषयीच्या आपल्या रूढ समजुतीच्या जवळजवळ उलट आहे.

रूढ समजूत अशी, की पाचारण म्हणजे देव आणि एक माणूस यांच्यातले गुपित. देव हाक मारतो, ज्याला मारली त्याला ती कळते, आणि चर्चचे काम फक्त त्या हाकेवर शिक्का उठवण्याचे. या समजुतीपायी दोन प्रकारच्या तरुणांचे नुकसान होते. एकाला कसलाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून सर्व गुण अंगी असूनही तो ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून टाकतो. दुसऱ्याला फार स्पष्ट काही जाणवते आणि मग कोणी शंका घेतली की ती देवावरच घेतली, असे त्याला वाटते. माझे म्हणणे असे, की धर्मगुरूपदाचे पाचारण आतल्या ओढीतून सुरू होऊ शकते, पण त्या ओढीने ते पूर्ण होत नाही. माणसाचा शुद्ध हेतू, त्याची खरी पात्रता आणि चर्चने उघडपणे केलेली निवड ही तिन्ही एकत्र आली, की मगच त्याला पाचारण म्हणता येते. म्हणून पारख करणे म्हणजे केवळ कान देऊन बसणे नव्हे; पुरावा गोळा करणे, तो दुसऱ्याला दाखवणे आणि दुसऱ्याचा निकाल सोसणे, हेही तिच्यात आले.

बायबलमधल्या शमुवेलाची गोष्ट हाक ऐकण्याचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते. ती नीट वाचली तर तिचा रोख वेगळाच दिसतो. मुलाला हाक अगदी स्पष्ट ऐकू येते, तरी ती कोणाची हे त्याला कळत नाही. तीन वेळा तो उठून म्हाताऱ्या एलीकडे धावतो. ही हाक देवाची आहे हे ओळखतो तो एली, ज्याची दृष्टी मंदावली आहे आणि ज्याच्या घराला त्याच्या मुलांच्या वागण्याने कलंक लागला आहे. म्हणजे ऐकणारा एक आणि ओळखणारा दुसरा, आणि ओळखणारा काही निर्दोष नाही. हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढे येणाऱ्या सगळ्यात कठीण आक्षेपाचे बीज त्यातच आहे.

पहिल्या शतकांतल्या चर्चमध्ये तर पारडे समुदायाच्याच बाजूला झुकलेले होते. इ. स. ३७४ मध्ये मिलान शहराच्या बिशपपदावरून दोन गटांत तंटा पेटला. शांतता राखायला आलेला प्रांताधिकारी अँब्रोज याचेच नाव लोकांनी उचलून धरले. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. त्याने पद टाळण्याचा आटोकाट प्रयत्न केला, पण काही दिवसांतच बाप्तिस्मा आणि पाठोपाठ बिशपपदाची दीक्षा असे सगळे उरकले. ऑगस्टीनचे ३९१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावात असेच झाले. ज्या गावी बिशपांची जागा रिकामी असेल तिथे तो पाऊलही टाकत नसे. हिप्पोला बिशप होते म्हणून तो निर्धास्तपणे गेला आणि लोकांनी त्याला धरून पुढे उभे केले. तो रडला, असे त्याचा चरित्रकार पॉसिडियस लिहितो. दीक्षा मिळाल्यावर पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी थोडी मुदत द्या, अशी विनवणी करणारे त्याचे पत्र आजही उपलब्ध आहे. आतली ओढ नाहीच, उलट विरोध आहे, आणि तरीही चर्चच्या दृष्टीने ही दोन खरीखुरी पाचारणे होती. आजचा चर्चचा कायदा अशी ओढाताण मुळीच मान्य करत नाही. कोणालाही कोणत्याही कारणाने दीक्षा घ्यायला भाग पाडणे आणि योग्य उमेदवाराला अडवणे, ही दोन्ही कृत्ये निषिद्ध आहेत असे १९८३ च्या संहितेतले १०२६ वे कलम सांगते. हा बदल योग्यच आहे. पण पाचारणाचा उगम फक्त मनात असतो असे मानणाऱ्याला अँब्रोज आणि ऑगस्टीन यांचा अर्थ लावता येत नाही.

पारडे दुसऱ्या बाजूला कसे झुकले, हे पाहायला फ्रान्सकडे वळावे लागते. १५ जुलै १५६३ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, असावी असे ठरवले. किमान बारा वर्षांची, लिहितावाचता येणारी मुले घ्यावीत, गरिबांच्या मुलांना आधी घ्यावे, असे त्यात नमूद होते. मुले वर्षानुवर्षे एकत्र राहू लागली तसा त्यांच्या मनात काय चालले आहे याकडे गुरुजनांचे लक्ष वळणे साहजिक होते. पुढे फ्रेंच सेमिनऱ्यांत धर्मगुरूपदाविषयीची आतून जाणवणारी ओढ हीच पाचारणाची मुख्य खूण मानण्याकडे कल वाढला. या मताला १९०९ मध्ये एर धर्मप्रांतातल्या जोसेफ लाहितों या धर्मगुरूने पुस्तक लिहून आव्हान दिले. त्याचे म्हणणे असे, की पाचारण करणारा अधिकारी बिशप आहे. उमेदवाराजवळ शुद्ध हेतू आणि पात्रता असली की पुरे, ओढ असलीच पाहिजे असे नाही. मोठा वाद माजला. पोप दहावे पायस यांनी कार्डिनलांची समिती नेमली आणि १९१२ मध्ये तिने लाहितोंच्या बाजूने कौल दिला. बिशपने मोकळेपणाने निवड करण्याआधी दीक्षेवर कोणाचाही हक्क नसतो. विशिष्ट आंतरिक आकर्षण ही पाचारणाची आवश्यक अट नाही. शुद्ध हेतू हवा, आणि निसर्गाने व कृपेने दिलेले गुण, नीतिमान आयुष्य व पुरेसे ज्ञान यांच्या आधारे हा माणूस धर्मगुरूपदाची कर्तव्ये नीट पार पाडील अशी सबळ आशा हवी. बस, एवढेच. हा निर्णय आज फारसा कोणाला आठवत नाही. पण ‘मला काही वाटत नाही, मग मला पाचारण कसे असेल?’ या प्रश्नाचे याहून मोकळे करणारे उत्तर मला ठाऊक नाही.

यावर लगेच शंका येते, की मग हे नोकरभरतीसारखेच झाले. गुणपत्रिका, चौकशी, मुलाखत, निवड. यात देव कुठे राहिला? आक्षेप खरा आहे आणि केवळ १९१२ च्या निर्णयावर थांबले तर त्याला उत्तरही देता येत नाही. आतल्या हालचालींना चर्चने कधीच कमी लेखलेले नाही. त्यांच्यावर विसंबण्याची शिस्त मात्र तिने घालून दिली आहे, आणि ती शिस्त सर्वांत नेमकेपणाने मांडली इग्नेशियस लोयोला याने. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सरदार लोयोलाच्या वाड्यात महिनोन्महिने पडून होता. वाचायला ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा एवढेच होते. कधी तो एका उच्चकुलीन स्त्रीची सेवा करण्याची स्वप्ने रंगवी, तर कधी संतांसारखे खडतर आयुष्य जगण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना त्याला सारखाच आनंद होई. फरक पडे तो नंतर. पहिले ओसरले की मन कोरडे आणि उदास होई. दुसरे ओसरल्यावरही समाधान टिकून राही. सुख वाटले की नाही याला त्याने महत्त्व दिले नाही. ते वाटणे उतरल्यावर मागे काय उरते, हे त्याने पाहिले. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्याच्या पुस्तकाचा पाया हे निरीक्षण आहे.

त्या पुस्तकातले नियम वाचले तर लेखक भावनेवर किती सावधपणे विसंबतो हे कळते. मन उद्ध्वस्त, कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असा एक नियम आहे. चांगल्या दिसणाऱ्या विचाराच्या आडूनही फसवणूक होऊ शकते, म्हणून विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावेत, असा दुसरा. निर्णयाचे तीन प्रसंग तो सांगतो. पहिल्यात शंकेला जागाच उरत नाही; पौल आणि मत्तय यांना झालेली हाक या जातीची. दुसऱ्यात समाधान आणि उदासी यांच्या भरती-ओहोटीवरून दिशा कळते. तिसऱ्यात मन शांत असते, कसलीही लाट नसते आणि माणूस दोन्ही बाजूंची कारणे मांडून विचार करतो. या तिसऱ्या प्रसंगाला तो कमी दर्जाचा मानत नाही. उलट त्यासाठी त्याने फार व्यवहारी उपाय दिले आहेत: आपल्याला कधीही न भेटलेला एक माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सल्ला देऊ, ते स्वतःला द्यावे, मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना आज काय ठरवले असते तर बरे वाटेल, ते ठरवावे. साधना करवून घेणाऱ्याला तर तो बजावतो, की समोरच्याला व्रतस्थ जीवनाकडे किंवा त्याच्या विरुद्ध ढकलू नये. तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे. आपल्या शाळेतल्या किंवा धर्मग्रामातल्या एखाद्या गुणी मुलाला पाहून ‘तू फादर हो’ असा सतत लकडा लावणाऱ्यांनी हा नियम वाचावा. सुचवणे वेगळे आणि ढकलणे वेगळे.

शुद्ध हेतू ही अट दिसते तितकी सोपी नाही. गोव्याच्या आणि वसईच्या कॅथलिक समाजात घरात एक धर्मगुरू असणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे. ज्या काळात शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या मुलाला उच्च शिक्षणाची वाट सेमिनरीतूनच जाई, तेव्हा शिक्षणाची ओढ आणि देवाची ओढ वेगळी काढणे सोपे नव्हते. आजही मान, सुरक्षितता, परदेशी शिकण्याची संधी, आईची इच्छा, लग्नाच्या जबाबदारीची भीती, असे कितीतरी धागे एकात एक गुंतलेले असतात. सोळा-अठरा वर्षांच्या मुलाचा हेतू निखळ असावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. इग्नेशियसची कसोटी इथेही उपयोगी पडते. काही माणसे आधी पद निवडतात आणि मग त्या पदावर राहून देवाची सेवा कशी करता येईल ते पाहतात, म्हणजे साध्याला साधन करतात, असे तो म्हणतो. हेतूंची भेसळ असली तरी चालते. वर्षे जातील तसा साध्य-साधनाचा क्रम सरळ होतो आहे का, हे पाहायचे. आणि ते एका मुलाखतीत दिसत नाही. त्यासाठी काळ लागतो.

सेमिनरीतल्या दीर्घ शिक्षणाचे खरे कारण हे आहे. रोमहून ८ डिसेंबर २०१६ रोजी निघालेल्या मार्गदर्शक नियमावलीनुसार आधी किमान एक आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचा पूर्वतयारीचा टप्पा असतो. मग किमान दोन वर्षे तत्त्वज्ञान, किमान चार वर्षे ईशज्ञान आणि त्यानंतर प्रत्यक्ष धर्मग्रामात राहून काम. गोव्यातले राचोल, मुंबईत गोरेगावची सेंट पायस सेमिनरी, पुण्याची पेपल सेमिनरी ही आपल्याकडची मोठी केंद्रे. यांतली पुण्याची संस्था पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथे स्थापली आणि १९५५ मध्ये ती पुण्याला आली. भारताला भारताच्याच मुलांनी धर्मसेवा द्यावी, हा तिच्यामागचा विचार होता. या वर्षांमध्ये मुलगा काय शिकतो याइतकेच तो कसा राहतो हेही पाहिले जाते. पटत नसलेल्या सोबत्याबरोबर तो काम करू शकतो का? टीका ऐकून घेतो का? रुग्णाच्या खाटेशेजारी बसताना अवघडतो की रमतो? एकांतात प्रार्थना टिकते का? श्रद्धा, चारित्र्य, नावलौकिक, शरीर-मनाची प्रकृती अशी यादी संहितेच्या १०२९ व्या कलमात दिली आहे, पण ती तपासायची जागा म्हणजे रोजचा दिवस. आणि पात्रतेचा साचा एकच नसतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत आणले, हरित वसईसाठी ते रस्त्यावर उतरले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शांतपणे एकाच धर्मग्रामात म्हाताऱ्यांची सेवा करत आयुष्य घालवणारा धर्मगुरूही तितकाच पात्र असतो.

या व्यवस्थेतला एक नियम बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसतो आणि मला तो सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. सेमिनरीत रेक्टर, म्हणजे संस्थेचा प्रमुख, वेगळा आणि आध्यात्मिक मार्गदर्शक वेगळा. विद्यार्थी आपल्या मनातले सगळे, मोह, शंका, अपयश, मार्गदर्शकाजवळ मोकळे करतो. पण त्याला दीक्षा द्यावी की घरी पाठवावे याचा निर्णय घेताना त्या मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कधीही विचारता येत नाही. २४० वे कलम तसे स्पष्ट बजावते. ज्याला सर्वांत जास्त माहीत आहे त्यालाच बोलता येत नाही, हे वरवर विचित्र दिसते. पण तसे नसते तर कोणीच खरे बोलले नसते आणि आतली पारख सुरूही झाली नसती. म्हणून आतला शोध आणि बाहेरची परीक्षा या दोन गोष्टी समांतर चालतात आणि त्यांना जोडणारा दुवा एकच असतो, तो म्हणजे स्वतः तो तरुण. मार्गदर्शक त्याला सांगू शकतो की हे तू रेक्टरांशी बोल. त्याच्या वतीने बोलू शकत नाही. शेवटी, आपण स्वेच्छेने आणि मोकळेपणाने दीक्षा घेत आहोत असे निवेदन उमेदवाराला स्वतःच्या हस्ताक्षरात द्यावे लागते, तर दुसरीकडे त्याच्या दीक्षेत काही अडथळा कोणाला ठाऊक असेल तर तो कळवणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य असते.

बाहेरची पारख चुकते का? चुकते, आणि कधी कधी भयंकर चुकते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर जन्मलेल्या मातेउस दे कास्त्रो या ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती तरुणाला सतराव्या शतकात गोव्याच्या आर्चबिशपांकडून दीक्षा मिळू शकली नाही. पात्रता कमी नव्हती. तो इथला होता, एवढेच त्याचे उणे. तो रोमला गेला, तिथे शिकला, तिथेच त्याला दीक्षा मिळाली आणि १६३७ मध्ये तो बिशप झाला. ज्याला गोव्याने नाकारले त्याला रोमने आदिलशाही मुलखातल्या मिशनचा प्रमुख करून परत पाठवले, आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी त्याचा झगडा आयुष्यभर चालू राहिला. उलट दिशेची चूक त्याहून अधिक वेदनादायक आहे. अमेरिकेतल्या बिशपांच्या सांगण्यावरून जॉन जे कॉलेजने केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर अल्पवयीन मुलामुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाल्याचे आढळले. त्या काळातल्या धर्मगुरूंच्या संख्येत हे प्रमाण सुमारे चार टक्के होते. या सर्वांना कोणीतरी ‘योग्य’ ठरवले होते. मग चर्चच्या पारखीवर विश्वास का ठेवावा?

माझे उत्तर असे, की या दोन्ही चुका बाहेरची पारख केल्यामुळे झाल्या नाहीत, ती अर्धवट केल्यामुळे झाल्या. मातेउसच्या बाबतीत पात्रतेऐवजी जन्म पाहिला गेला. शोषणाच्या प्रकरणांत बिशप आणि वरिष्ठ यांनी आपापसात पडदा टाकला. लोकांना विचारलेच नाही, आणि ज्यांनी सांगितले त्यांचे ऐकले नाही. अशा वेळी ‘बाहेरचे सगळे भ्रष्ट आहे, आतला आवाज तेवढा खरा’ असा निष्कर्ष काढला तर परिस्थिती आणखी बिघडेल. मुलांना इजा करणाऱ्या माणसालाही आपले पाचारण खरे आहे असे मनापासून वाटत असू शकते. अशा वाटण्यापासून समाजाचे रक्षण करणारी गोष्ट एकच, अधिक डोळे. मानसशास्त्राच्या मदतीविषयी रोमने २००८ मध्ये दिलेले मार्गदर्शन असो की सामान्य कुटुंबांना आणि स्त्रियांना उमेदवाराविषयी मत विचारणे असो, वाट तीच आहे. या कामात संसारी माणसांचा, विशेषतः आयांचा आणि धर्मभगिनींचा सहभाग अजून फार अपुरा आहे, असे मला वाटते.

लिस्यूच्या तेरेजाच्या उदाहरणातून उठणारा आक्षेप मात्र इतका सहज सुटत नाही. चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये मरण पावलेल्या या कार्मेलमठातल्या तरुणीने आपल्याला धर्मगुरू होण्याचीही ओढ वाटते, असे लिहून ठेवले आहे. १९९७ मध्ये चर्चने तिला आपल्या महान आचार्यांमध्ये स्थान दिले. ओढ होती, पावित्र्याविषयी शंका नाही, तरी दीक्षा नाही, कारण चर्चच्या नियमानुसार ती फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच मिळते. स्त्रियांना ती देण्याचा अधिकारच आपल्याला नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये जाहीर केले. मी मांडतो त्या युक्तिवादाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, की ओढ म्हणजे हक्क नव्हे, विषय संपला. तो इतका लवकर संपवता येत नाही. ओढ हा हक्क नसला तरी तो पुरावा असतो, आणि इतक्या साऱ्या स्त्रियांच्या मनात तो पुन्हा पुन्हा उमटत असेल तर त्यातून काय सूचित होते हे ऐकणे चर्चचे कर्तव्य आहे. स्त्रियांच्या डीकनपदाचा, म्हणजे धर्मगुरूपदाच्या आधीच्या दीक्षित पायरीचा, प्रश्न तपासायला पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये समित्या नेमल्या, याचा अर्थ हे ऐकणे थांबलेले नाही.

ब्रह्मचर्याविषयीही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लॅटिन परंपरेच्या चर्चमध्ये धर्मगुरूची सेवा आणि अविवाहित राहण्याची देणगी या दोन गोष्टी एकाच माणसात असाव्या लागतात. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंचे विवाह रद्दबातल ठरवले, तेव्हापासून हा नियम पक्का आहे. पण पूर्वेकडच्या अनेक कॅथलिक चर्चेसमध्ये विवाहित धर्मगुरू आहेत, तेव्हा या दोन देणग्या स्वभावतः वेगळ्या आहेत हे उघड आहे. म्हणून लॅटिन परंपरेतल्या तरुणाला दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. लोकांची सेवा करण्याची, प्रवचनाची, मिस्सा अर्पण करण्याची ओढ आहे, एवढ्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. लग्नाची भीती किंवा स्त्रियांविषयीचा अवघडलेपणा ही ब्रह्मचर्याची देणगी नव्हे. जो चांगला नवरा आणि चांगला बाप होऊ शकला असता, त्याचेच ब्रह्मचर्य सहसा तग धरते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये स्थायी डीकनपद पुन्हा सुरू केल्यापासून विवाहित पुरुषालाही दीक्षित सेवेचा एक मार्ग मोकळा झाला आहे. किमान पस्तीस वर्षे वय आणि पत्नीची संमती या अटींवर मुंबईतही असे डीकन काम करत आहेत.

धर्मगुरूंचा तुटवडा असताना इतकी चाळणी परवडते का, असे विचारणारे बिशप प्रत्येक पिढीत असतात. जगभरात सुमारे चार लाख धर्मगुरू आहेत आणि युरोपात त्यांची संख्या घटते आहे, हे खरे. अशा वेळी आर्सचे धर्मगुरू जॉन व्हियाने यांचे उदाहरण दिले जाते: लॅटिन जमेना, सेमिनरीने काढून टाकले, तरी १८१५ मध्ये दीक्षा मिळाली आणि ते संत झाले, म्हणजे अटी सैल केल्या की संत मिळतात. या कथेत एक माणूस विसरला जातो, एकुलीचे धर्मगुरू बाले. त्यांनी व्हियानेंना वर्षानुवर्षे घरी ठेवून शिकवले, रोज पाहिले, आणि मगच त्यांच्यासाठी शब्द टाकला. दीक्षेनंतरही पापनिवेदन ऐकण्याची परवानगी व्हियानेंना लगेच मिळाली नाही. चाळणी सैल झाली नव्हती. एका परीक्षेत न दिसलेली पात्रता दुसऱ्या, अधिक जवळच्या आणि अधिक सबुरीच्या परीक्षेत दिसली होती. जिथे माणसे कमी तिथे अशी जवळची नजर अधिक शक्य व्हायला हवी.

राहिला प्रश्न ज्यांना ‘नाही’ म्हटले जाते त्यांचा. आपल्याकडे सेमिनरी सोडून आलेल्या मुलाकडे गाव अजूनही हरलेला म्हणून पाहते आणि त्या भीतीने कितीतरी मुले मनात नसताना पुढे जात राहतात. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना येशूसंघाने प्रवेश दिला नाही. ते मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे धर्मबंधू म्हणून. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. वसईकर आज ज्यांच्या नावाने सण साजरा करतात त्या संताला कधीच दीक्षा मिळाली नव्हती. परतण्याची वाट मात्र कायम खुली राहत नाही. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्यावर डीकनपदाच्या दीक्षेबरोबरच ब्रह्मचर्याचे बंधन येते आणि त्यातून मोकळे करण्याचा अधिकार फक्त पोपना असतो. विशिष्ट कारणांनी शंका राहिली तर बिशपने दीक्षा देऊ नये असे १०५२ वे कलम सांगते, पण ती शंका तिथवर येईतो आठ-नऊ वर्षे उलटलेली असतात, बरोबरीचे मित्र नोकरीला लागलेले असतात, गावात दीक्षेच्या जेवणाची तयारीही चाललेली असते. ती तिसऱ्या वर्षी बोलली गेली पाहिजे. ती बोलून दाखवण्याची जबाबदारी आधी रेक्टरची आहे, नंतर त्या मुलाची. आणि तो घरी परत आला तर त्याला मिस्सेला पूर्वीच्याच बाकावर जागा करून देण्याची जबाबदारी गावाची आहे.